मेल्यावर ३० लाख, जित्यापणी ४० हजार

दोस्तांनो, आधी हिशेब करू. आपल्या लोकांना हिशेब येत नाही असं बँकवाले म्हणतात, म्हणून मुद्दाम.

गटारात उतरून माणूस मेला तर त्याच्या घरच्यांना ३० लाख रुपये द्यायचे, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २० ऑक्टोबर २०२३ ला दिला. त्याआधी २०१४ च्या निकालात हीच रक्कम १० लाख होती. आता दुसरी बाजू. डोक्यावर, हाताने मैला उचलणारा माणूस जिता सापडला, सरकारी यादीत चढला आणि त्याने तो धंदा सोडायचं ठरवलं, तर पुनर्वसनासाठी एकरकमी रोख मदत किती? ४० हजार. भागाकार करा. एका मढ्याच्या किमतीत ७५ जिते बसतात.

कोर्टाने चूक केली असं माझं म्हणणं नाही. ३० लाखांनी कुणाचा बाप परत येत नाही. माझं भांडण त्या दुसऱ्या आकड्याशी आहे. मेलेल्याचा भाव निदान दहाचा तीस झाला. जित्याचा भाव २०१३ मध्ये ४० हजार ठरला आणि तिथंच चिखलात रुतून बसला. ह्या देशात आपण मेल्यावर महाग होतो. जिवंतपणी आपल्याला कुणी विचारत नाही, विचारलं तर झाडू घेऊन ये म्हणतात.

हे लिहायचं कारण सांगतो. मागच्या महिन्यात आपल्या शाखेच्या बैठकीत एका दोस्ताने सगळ्यांदेखत मला सुनावलं. म्हणाला, "तुझ्या आज्याने येसकरकी सोडली, वतन लाथाडलं, आणि तू नातू होऊन परत झाडू धरलास? बाबासाहेबांना काय तोंड दाखवशील? सरकार ट्रेनिंग देतंय, कर्ज देतंय, अनुदान देतंय. धंदा बदलायला नको होता का तुला?"

मी गप्प बसलो. पोरं हसली. घरी आल्यावर झोप आली नाही. खरं म्हणजे तो चुकीचं बोलला नव्हता. १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेलं ढोर ओढू नका, मेलेल्याचं मांस खाऊ नका म्हणून सांगितलं. १९२८ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल आणलं. धंदा सोडा, हीच आपल्या चळवळीची पहिली ओळ आहे. तरी मी झाडू धरला. का धरला ते मी इथं लिहिणार आहे. माझी सफाई द्यायला नव्हे. सफाई मी रोजच देतो, त्याचा पगार मिळतो. लिहितोय ते त्या सरकारी अनुदानाबद्दल, ज्याच्या जिवावर माझा दोस्त मला शहाणपण शिकवत होता.

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी आणि त्या लोकांचं पुनर्वसन, असा २०१३ चा कायदा आहे. तो अमलात आला ६ डिसेंबर २०१३ ला. तारीख कुणी ठरवली माहीत नाही, पण आपण सगळे चैत्यभूमीवर रांगेत उभे होतो त्याच दिवशी. त्याचं कलम १३ वाचा. वाचताना डोळे भरून येतात इतकं सुंदर आहे. फोटोचं ओळखपत्र, रोख मदत, पोरांना शिष्यवृत्ती, घरासाठी जागा, उपजीविकेचं शिक्षण, शिक्षणाच्या काळात महिन्याला किमान ३,००० रुपये विद्यावेतन, पुढं अनुदान आणि सवलतीचं कर्ज. सगळं आहे. एका माणसाने धंदा बदलायला जे जे लागतं ते सगळं कागदावर मांडून ठेवलंय, लग्नाच्या रुखवतासारखं. फक्त हात लावायचा नाही.

आकडे सरकारचेच सांगतो. २०१३ आणि २०१८ च्या पाहणीत सगळ्या देशात ५८,०९८ माणसं सापडली. त्यात आपल्या महाराष्ट्रातली ६,३२५. ह्या ५८ हजारांपैकी ज्यांची जात नोंदली गेली असे ४३,७९७. त्यातले ४२,५९४ अनुसूचित जातीचे. शंभरातले सत्त्याण्णव. आता मला कुणीतरी सांगा, जात कुठे राहिलीय म्हणून. आणि हीच पाहणी बघा. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेत नुसत्या खेड्यांतली एक लाख ऐंशी हजारांवर कुटुंबं ह्या धंद्यात मोजली होती. पाहणीला आले तेव्हा निम्मीही उरली नाहीत. माणसं कुठं गेली? धंदा सोडून गेली? नाही रे बाबांनो. यादीतून गेली. कलेक्टरने 'आमच्या जिल्ह्यात निरंक' लिहून दिलं की पुनर्वसन झालं.

यादीत सापडलेल्या सगळ्यांना ४० हजार दिले, असं सरकार संसदेत सांगतं. मान्य. पण धंदा उभा करायला जे भांडवली अनुदान आहे ते २०२३ पर्यंत मिळालं तीन हजारांपेक्षाही कमी लोकांना. ५८ हजारांत तीन हजारसुद्धा नाहीत. म्हणजे वीसजणांमागे एकाच्या हातात दुसरा धंदा आला. बाकीच्यांनी त्या ४० हजारांत काय केलं असेल? कर्ज फेडलं, पोरीचं लग्न केलं, दवाखाना केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत घमेलं उचललं.

शब्दांचा खेळही समजून घ्या. कायद्यात बारीक अक्षरांत एक खुलासा आहे. केंद्र सरकारने ठरवलेली साधनं आणि संरक्षक कपडे वापरून जो मैला काढतो त्याला मैला उचलणारा मानायचं नाही. हातात मोजा घातला की तुम्ही त्या व्याख्येतून बाहेर. वास तोच, जात तीच, मोजा नवा. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत मंत्र्यांनी सांगितलं, हाताने मैला उचलल्यामुळे देशात एकही मृत्यू झालेला नाही. गटारात, टाकीत गुदमरून मेले ते 'धोकादायक सफाई'त मेले. तो रकाना वेगळा. च्यायला, मेल्यावरसुद्धा आमचा रकाना वेगळाच.

आणि हे आजचं नाही. १९४९ ला मुंबई सरकारने सफाई कामगारांसाठी बर्वे समिती नेमली. १९५७ ला दिल्लीने मलकानी समिती नेमली. १९९२ ला मुक्ती आणि पुनर्वसनाची राष्ट्रीय योजना आली. १९९३ ला पहिला कायदा आला. त्या योजनेचं काय झालं ते कॅगने २००३ च्या अहवालात लिहून ठेवलंय, सरकारनेच सरकारला मारलेल्या थपडा आहेत त्या. २००७ ला नवी स्वयंरोजगार योजना. २०२३ ला तीही गुंडाळून आणखी नवी, तिचं नाव 'नमस्ते'. नाव बाकी बरोबर ठेवलंय. हात जोडायचे, दुरूनच. शिवायचं नाही.

आता माझी गोष्ट.

माझा बाप महापालिकेत सफाई कामगार. शहराचं नाव सांगत नाही, तुमचंच समजा. बाप मैला उचलणारा नव्हता, कचऱ्याच्या गाडीवर होता, म्हणून वरचं ते ४० हजार आमच्या नशिबात नाही. पण सफाई कामगारांच्या पोरांसाठी महामंडळाच्या पैशातून ट्रेनिंग असतं. मी बारावी होऊन बसलो होतो. युनियनच्या माणसाने फॉर्म आणला. बाप एवढा खूश की त्या दिवशी त्याने दारू घेतली नाही. म्हणाला, "मोबाईल दुरुस्त करशील. खुर्चीवर बसून काम. हाताला वास नाही."

तीन महिन्यांचा कोर्स. एका गाळ्यात तीस पोरं. तीस पोरांत मोबाईल चार, चारांतले तीन मेलेले. शिकवणारा मास्तर स्वतः कंत्राटावर, त्याचा पगार थकलेला. पण अंगठ्याचं मशीन एकदम चालू. सकाळी अंगठा, संध्याकाळी अंगठा. संस्थेला पैसे अंगठ्यांवर मिळायचे, हे आम्हाला नंतर कळलं. विद्यावेतन महिन्याला १,५०० रुपये. रोजचे पन्नास. जायला-यायला तीस. वीस रुपयांत एक वडापाव. बरोबरीचा एक पोरगा बापाच्या जागी बदलीवर गेला तर त्याला दिवसाला त्याच्या कैक पट मिळत होते. त्याने कोर्स सोडला. त्याचाही अंगठा शेवटपर्यंत लागत होता म्हणे. कसा, ते मशीनला माहीत.

शेवटी कार्यक्रम झाला. हार, फेटे, दीपप्रज्वलन. पाहुणा म्हणाला, नोकऱ्या मागणारे होऊ नका, नोकऱ्या देणारे व्हा. टाळ्या. सर्टिफिकेट दिलं. मग 'प्लेसमेंट'. आम्हा नऊ जणांना एका मॉलमध्ये काम मिळालं. पोस्टचं नाव हाउसकीपिंग. मी कपडे घालून, भांग पाडून गेलो. सुपरवायझरने हातात मॉप दिला.

त्या क्षणी मला हसू आलं, शपथ सांगतो. बापाचा झाडू मराठीत होता, माझा इंग्रजीत. बापाचा कायम होता, माझा कंत्राटी. बापाला प्रॉव्हिडंट फंड होता, मला टोपी होती. हे माझं करिअर बदलणं. संस्थेच्या अहवालात मी 'यशस्वी' म्हणून गेलो असणार. कुठल्या तरी मंत्र्याच्या भाषणातल्या आकड्यात मी पण एक आहे. सापडलो तर सांगा.

मॉल सोडला. म्हटलं, स्वतःचं दुकान टाकू. कर्जाची योजना होतीच. कागद जमवले: जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, कोटेशन, गाळ्याचं करारपत्र. महामंडळ म्हणालं, बँकेकडे जा. बँक म्हणाली, महामंडळाचं पत्र आणा. पत्र आणलं तर साहेब म्हणाले, "दोन जामीनदार आणा, सरकारी नोकरीतले, पगाराची स्लीप लागेल." आता बघा गंमत. आमच्या ओळखीत सरकारी नोकरीतले म्हणजे कोण? सगळे झाडूवालेच. बापाचे दोन दोस्त तयार झाले. स्लीप बघून साहेब म्हणाले, "ह्यांच्या हातात काहीच पडत नाही, सगळं पतपेढीला कापून जातंय." खरंच होतं. वसाहतीतल्या कुठल्याही माणसाची स्लीप काढा, पगार पतपेढी खाते. झाडू सोडायला कर्ज पाहिजे, कर्जाला जामीन पाहिजे, आणि जामीन द्यायला झाडूवाला पाहिजे, तोही कर्ज नसलेला. असा झाडूवाला ज्याला सापडेल त्याला मी स्वतःच्या खिशातून अनुदान देतो.

समजा कर्ज मिळालं असतं. मग काय झालं असतं? ते माझ्या बहिणीला विचारा. तिने ब्यूटी पार्लरचा कोर्स केला, चांगला केला. हात हलका आहे तिचा. स्टेशनापलीकडे एका पार्लरात लागली. सहा महिने बायका तिलाच शोधत यायच्या. एक दिवस एका बाईने तिला सफाई कामगार वसाहतीच्या गेटातून बाहेर पडताना पाहिलं. भांडण नाही, शिवी नाही. हळूहळू बायका दुसऱ्या पोरीकडे बसायला लागल्या. मालकीण म्हणाली, "माझ्या मनात काही नाही गं, पण गिऱ्हाईक..." बस. गिऱ्हाईकाच्या नावावर ह्या देशात काहीही खपतं. तोंडाला हात लावू देणार नाहीत, पण संडास धुवायला तोच हात चालतो.

आमच्याच गल्लीतल्या एका मावशीने हातगाडी टाकली होती, पोहे-चहाची. गाडी वसाहतीच्या तोंडाशी होती तोवर आपलीच माणसं खात. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून बाजारात नेली. तीन आठवड्यांत परत आली. मावशी म्हणाली, "पोहे रोज राहत्यात, पोरांनीच खाल्ले." आता तिला कुणी सांगावं की तुझ्यात कौशल्य कमी आहे म्हणून?

मूळ मुद्दा इथं आहे. सरकार समजतं, किंवा समजल्याचं सोंग करतं, की आपल्याला काम येत नाही म्हणून आपण झाडूवर आहोत. शिकवलं की सुटलो. आपल्या बापजाद्यांचा इतिहास ह्याच्या उलट सांगतो. मुंबईच्या कापडगिरण्यांत आपली माणसं हजारोंनी होती. पण कुठं? कमी पगाराच्या खात्यांत. जिथं पैसा होता त्या विणाईच्या साच्यावर अस्पृश्याला उभं करत नव्हते. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागायचा, आणि महाराच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याने कसा तोंडाला लावायचा? १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. साचा चालवायला आपल्या माणसाचे हात तयार होते. आड आली ती दुसऱ्याची थुंकी. ट्रेनिंग द्यायचंच होतं तर ते त्या साच्यावरच्या मराठा, कोकणी गड्यांना द्यायला पाहिजे होतं, माणूस म्हणजे काय ह्याचं. ते खातं अजून कुणी काढलेलं नाही. तीन महिन्यांचा तसला कोर्स कुणी सुरू केला तर त्याचं विद्यावेतन मी आनंदाने देईन.

आता 'नमस्ते'मधलं मोठं आमिष बघा. गटार साफ करायची मशीन, सक्शनची गाडी घ्यायला कर्ज आणि भांडवली अनुदान, एकट्याला ५ लाखांपर्यंत, गट असेल तर आणखी जास्त. मशीन आली पाहिजे, ह्यात वादच नाही. जो माणूस टाकीत उतरून मरतो तो मशीनमुळे जगेल. आमच्या पलीकडच्या गल्लीतला एक पोरगा एका सोसायटीच्या टाकीत असाच गेला. त्याची बायको अजून फाईल घेऊन फिरते. मशीन असती तर तो आज कॅरम खेळत असता. पण दोस्तांनो, नीट बघा. धंदा बदलायच्या योजनेत सगळ्यात मोठं अनुदान कशाला? गटारालाच. खाली उतरणारा वर आला, स्टिअरिंगवर बसला, पण गटार सुटलं नाही. बरं, मालक तरी आपण होतो का? मशीन घेतली तर काम कोण देणार? महापालिकेचं टेंडर. टेंडरला अनामत लागते, मागच्या तीन वर्षांची उलाढाल लागते. ती कुणाची असते ते आपल्याला माहीत आहे. शेवटी मशीन ठेकेदाराची आणि ड्रायव्हर आपला.

आता माझ्या दोस्ताच्या प्रश्नाकडे येतो. मी झाडू का धरला?

दोन वर्षांपूर्वी बाप गेला. कामावर असतानाच. फुप्फुसं संपली होती. तेराव्याला का चौदाव्याला ऑफिसातून कागद आला. नोकरी गेली, तेव्हा सेवा निवासस्थान रिकामं करा, किंवा वारसाने अर्ज करावा. दहा बाय बाराची खोली. त्यात आई, मी, नवऱ्याने टाकलेली बहीण, तिची चार वर्षांची पोर. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. सत्तरच्या दशकापासूनची ही तजवीज. २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने ती पुन्हा नीट बांधून दिली. आपल्या युनियनांनी ती भांडून टिकवली, आणि त्यांचं मी आभारच मानतो, कारण तो कागद नसता तर आम्ही चौघं आज फूटपाथवर असतो.

आई तेव्हा म्हणाली, "बाळा, तुला नको असंल तर नको करू. मी चार घरची धुणीभांडी करीन." मी विचारलं, "आन ऱ्हायचं कुठं?" ती गप्प बसली. मी सही केली.

तेव्हा माझ्या डोक्यात एकच शब्द घुमत होता. वतन. आज्याचं वतन काय होतं? गावकीची सगळी घाण काढायची, मढ्याचा सांगावा न्यायचा, त्याच्या बदल्यात चार तुकडे जमीन आणि बलुतं. बापाकडून पोराकडे. सोडलं तर जमीन गेली, म्हणून कुणी सोडत नव्हतं. बाबासाहेबांनी वतनाला गुलामी म्हटलं ते ह्याच्यासाठी. वतन सुखाचं वाटतं, त्यातच त्याचं विष. कायद्याने वतनं गेली ती १९५८ ला. आणि आता बघा: झाडूची नोकरी, तिच्या बदल्यात खोली, बापाकडून पोराकडे. सोडली तर खोली गेली. ह्याला काय नाव द्याल? दुसऱ्या कुठल्या सरकारी खात्यात बाप निवृत्त झाला म्हणून पोराला तीच खुर्ची देतात? कलेक्टरचा पोरगा कलेक्टर होत नाही वारसा हक्काने. ह्या देशात फक्त झाडूला वारसा हक्क आहे. उदार झाले ते बरोबर जागा बघून झाले.

म्हणून मी माझ्या दोस्ताला सांगतो. तू स्टेजवरून 'झाडू फेका' म्हणतोस, बरोबर म्हणतोस. पण तुझा बाप पोस्टात होता, तुझं घर भाड्याचं का होईना, तुझं आहे. एका हातात कायमची नोकरी आणि खोली, दुसऱ्या हातात दिवसाला शंभर रुपयांचं विद्यावेतन आणि अंगठ्याचं मशीन, अशी निवड तुझ्यापुढे कुणी ठेवली नाही. ह्याला निवड म्हणायचंच असेल तर विहिरीत उडी का आडात, हीपण निवडच.

आणि आपल्या लोकांबद्दलही बोललं पाहिजे. महामंडळाच्या ऑफिसबाहेर जे एजंट उभे असतात ते कुणाचे? निळी पट्टी लावून फिरणारे आपलेच आहेत. शंभरातले दहा आधी द्या, मग फाईल हलेल म्हणणारे आपलेच. ट्रेनिंगची संस्था काढून अंगठे विकणाऱ्यांत आपले पुढारी नाहीत, असं छातीला हात लावून कोण सांगेल? ज्या पैशाने एका पोराचा धंदा बदलायचा त्या पैशाने ह्यांनी गाड्या बदलल्या. सवर्णांना शिव्या देताना एक शिवी शिल्लक ठेवा, ती इथं लागते.

मग काय, वारसा हक्क काढून टाका म्हणतोस का, असं युनियनवाले विचारतील. नाही. एकदम काढला तर उद्या ती जागा ठेकेदाराला जाईल, झाडू आपल्याच हातात राहील आणि पगार चौथाई होईल. तो हक्क राहू द्या, पण तो झाडूचा हक्क नसावा. नोकरीचा असावा. वारस बारावी असेल तर कारकुनी द्या, आयटीआय असेल तर वायरमन करा, पदवीधर असेल तर त्याला टेबल द्या, त्याच महापालिकेत. कागदावर काय वाट्टेल ते असो, आमच्या चौकीवर बी.ए. झालेली दोन पोरं रोज रस्ता झाडतात, आणि झाडूवर नेमलेला एक वरच्या जातीचा इसम दिवसभर साहेबाच्या टेबलाशेजारी बसून असतो. मुकादमाला विचारलं तर म्हणतो, "त्याला जमत नाय रे ते काम." आमच्या आईच्या पोटातून आम्ही काय झाडू शिकून आलोत?

खोली नोकरीपासून तोडा. ज्या कुटुंबाने दोन-तीन पिढ्या शहर धुतलं त्याच्या नावावर खोली करा. घराची भीती गेली तर अर्धी पोरं आपोआप दुसऱ्या धंद्याचा विचार करतील. बाकी सगळ्या योजनांपेक्षा ही एक गोष्ट जास्त माणसं सोडवेल.

ट्रेनिंगच्या काळात किमान वेतन द्या. ज्याच्या घरी चूल रोजच्या रोजगारावर पेटते त्याला पन्नास-शंभर रुपयांत शिकायला सांगणं म्हणजे न शिकायला सांगणं. आणि शिकवा ते काम, ज्याला बाजारात किंमत आहे, खऱ्या यंत्रावर, खऱ्या मास्तरकडून. हाउसकीपिंग शिकवायला आमच्याकडे येऊ नका. तो विषय आम्ही तुम्हाला शिकवू.

जामीन सरकारने राहावं. योजना तुमची, महामंडळ तुमचं, मग जामीनदार माझ्या बापाचा दोस्त कशाला? आणि गटाराची मशीन द्यायचीच तर कामगारांच्या सहकारी संस्थेला द्या, बरोबर दहा वर्षांचं काम बांधून द्या. मालकी आपली, पगार आपला, उतरणं बंद.

हे सगळं अर्ज-विनंत्या करून मिळेल असा माझा भ्रम नाही. २०१७ ला सुप्रीम कोर्टात मुंबईच्या २,७०० कंत्राटी कचरा कामगारांना कायम नोकरीचा हक्क मिळाला, तो वर्षानुवर्षं लढून मिळाला, कुणी ट्रेनिंग दिलं म्हणून नाही. आपल्यालाही तेच करावं लागेल. त्यासाठी पहिलं काम सोपं आहे. आपापल्या वसाहतीत जा. किती पोरांनी कोर्स केला, त्यातल्या किती जणांच्या हातात आज त्या कोर्सचं काम आहे, किती अंगठे खोटे लागले, किती कर्जाच्या फायली बँकेत सडतायत, हे वहीत लिहून आणा. मी आमच्या वसाहतीचं लिहायला घेतलंय. सरकारच्या यादीत आपण नसलो तर आपली यादी आपण करू.

कामावर रुजू झालो त्या दिवसाची एक गोष्ट सांगून संपवतो. कारकून कागद भरत होता. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "लग्न झालं की पोराचं नाव लगेच लाव हां. पुढं त्याच्या कामाला येईल." मी म्हटलं, "साहेब, फंडाला आईचं नाव लावा. नोकरीला माझा वारस नाही." तो हसला. म्हणाला, "सगळे सुरवातीला असंच म्हणतात. तुझा बापपण म्हणाला होता."

दोस्ता, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. मी झाडू धरलाय. उद्या सकाळी साडेसहाला चौकीवर हजेरी आहे, खाडा परवडत नाही. पण बापाने जे नुसतं म्हटलं ते मला करून दाखवायचंय, आणि एकट्याने ते होत नाही हे मला बापाकडे बघून कळलंय. येत्या बैठकीला मी वही घेऊन येतो. तूही घेऊन ये.

जय भीम.